बागबाजारातील घर आणि कालव्यापलीकडील दवाखाना

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी, बागबाजार नावाची एक जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीला आजही 'मराठा डिच लेन' असे नाव आहे. इ. स. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेल्या, तेव्हा धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती एक खंदक खणावयास घेतला. त्याचा आरंभ बागबाजारच्या बाजूने झाला. बेत सात मैलांचा होता. तीन मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे कलकत्त्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. पुढे 1799 मध्ये रस्त्यासाठी त्या खंदकाचा मोठा भाग बुजविण्यात आला. बंगालच्या खेड्यापाड्यांवर ह्या स्वाऱ्यांनी खरोखरीच मोठा अनर्थ ओढवला होता, हे मराठी माणसाने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कलकत्त्याचा खंदक मात्र निव्वळ भीतीपोटी खणला गेला आणि न वापरताच बुजला.

मनाच्या आजारांविषयी लिहावयास बसल्यावर मला ह्या खंदकाची आठवण झाली, ती केवळ नावातील मराठीपणामुळे नव्हे. ज्याची भीती वाटते त्याच्या आणि आपल्यामध्ये काहीतरी खणून ठेवावे, ही माणसाची जुनी खोड आहे. ज्याला आपण वेडा म्हणतो त्याच्या वाट्याला ती जितकी सर्रास येते तितकी, कुष्ठरोग्याचा अपवाद सोडला तर, दुसऱ्या कोणत्याही रोग्याच्या वाट्याला येत नाही. बागबाजारात आणि त्याच्या अगदी लगत, असले अंतर ओलांडण्याचे दोन प्रयत्न गेल्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. एक एका घरात झाला, दुसरा एका रुग्णालयात. त्या दोहोंविषयी मला जे वाटते ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

भाषांतरकाराची पहिली अडचण शब्दाचीच असते. 'वेड' हा मराठीतील किती लडिवाळ शब्द! आई लेकराला वेडा म्हणते, कुणाला नाटकाचे वेड असते, कुणाची माया वेडी असते. परंतु हाच शब्द शेजारच्या एखाद्या घराविषयी हलक्या आवाजात उच्चारला गेला, की त्या घरातील मुलीचे ठरलेले लग्न मोडते. म्हणून 'मनोविकार', 'मनोरुग्ण' असे पुस्तकी शब्द आले. मीही ते वापरते. तथापि शब्द बदलल्याने वागणूक बदलते, असा अनुभव नाही. 1920 च्या सुमारास सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचे नाव बदलून 'मेंटल हॉस्पिटल' असे केले. भिंतींची उंची तेवढीच राहिली. 1912 चा 'लुनसी अ‍ॅक्ट' तर 1987 चा नवा कायदा 1993 मध्ये अमलात येईपर्यंत जागचा हलला नाही.

आता त्या घराकडे वळू. 1909 साली बागबाजारात एक घर बांधून तयार झाले. स्वामी सारदानंदांनी कर्ज काढून ते बांधले होते. खाली 'उद्बोधन' ह्या बंगाली नियतकालिकाची कचेरी आणि वर रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी सारदादेवी यांचे बिऱ्हाड, अशी त्याची रचना होती. आजही लोक त्या घराला 'मायेर बाडी', म्हणजे आईचे घर, असेच म्हणतात. भक्तांच्या दृष्टीने त्या वास्तूचे जे माहात्म्य आहे तो ह्या पुस्तिकेचा विषय नाही. मला त्या घराचे महत्त्व वाटते ते एका निराळ्याच कारणासाठी.

सारदादेवींचे धाकटे बंधू अभयचरण वैद्यकीचे शिक्षण घेतलेले होते. 1899 साली पटकीने त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांची पत्नी सुरबाला गरोदर होती. 1900 च्या जानेवारीत तिला मुलगी झाली. तिचे नाव राधारानी, घरातले नाव राधू. पतीच्या मृत्यूनंतर सुरबालेच्या मनाचा तोल गेला, तो पुन्हा कधी पुरता सावरला नाही. सारदादेवींनी मुलीला जवळ घेतले. त्या कलकत्त्यास राहावयास आल्या की राधू आणि तिची आईही बहुधा बरोबर असत. सुरबालेला सर्वजण 'पागली मामी' म्हणत. आपली मुलगी ह्या नणंदेने आपल्यापासून हिरावून घेतली, असा तिच्या मनाने ठाम ग्रह करून घेतला होता. ज्या बाईच्या आश्रयाला ती राहात होती, तिलाच ती दिवसरात्र शिव्याशाप देई. सारदादेवींच्या चरित्रकारांनी हे प्रसंग झाकून ठेवलेले नाहीत, ही गोष्ट फार चांगली झाली.

सुरबालेला नेमका कोणता रोग होता, हे शंभर वर्षांनंतर ठरविण्याच्या भरीस आपण पडू नये. जुन्या चरित्रांतून रोगांची निदाने काढण्याचा छंद अलीकडे वाढला आहे. त्यातून ज्ञान थोडे आणि करमणूक फार निघते. एवढे मात्र म्हणता येईल, की बाळंतपणाच्या आगेमागे स्त्रीचे मन विशेष नाजूक अवस्थेत असते, हे आज वैद्यकशास्त्राला निश्चित माहीत आहे. दर हजार प्रसूतींमागे एक किंवा दोन स्त्रियांना प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत तीव्र मनोविकार होतो. झोप नाहीशी होते, भलते संशय येतात, नसलेले आवाज ऐकू येतात. तातडीने उपचार झाल्यास ह्यातील बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. ज्या काळी सुरबाला आजारी पडली त्या काळी ह्यावरचे औषध कोणापाशीही नव्हते.

औषध नव्हते, पण आसरा होता. तिला कोणी साखळीने बांधून ठेवले नाही, वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडले नाही, की वाटेवर टाकून दिले नाही. भेटीस येणाऱ्या मोठमोठ्या लोकांपासून तिला लपविले नाही. ती घरातील एक माणूस म्हणून राहिली. आजच्या मनोवैद्यांना विचारले, तर तीव्र मनोविकाराच्या रोग्याला समाजात ठेवण्याचे जे मोल ते सांगतील, ते बागबाजारच्या त्या घराने शास्त्राच्या आधारावाचून ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

परंतु येथेच थांबून त्या काळाचे गुणगान करावयास मी तयार नाही. 'पूर्वीच्या एकत्र कुटुंबात असली माणसे सहज सामावली जात, आजच्या सुटसुटीत संसारांनी हा प्रश्न निर्माण केला', असे आपल्याकडे फार वेळा बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. सामावून घेण्याची किंमत कोणीतरी देत असते आणि ते कोणीतरी बहुधा घरातील एखादी बाईच असते. राधूचेच पाहा. ती मोठी झाली, तिचे लग्न झाले, आणि 1918 च्या सुमारास गरोदरपणात ती स्वतः आजारी पडली. तिला कोणताही आवाज सहन होईना. शहराच्या गजबजाटातून तिला दूर नेणे भाग पडले. साठीच्या पुढे गेलेल्या, प्रकृतीने खचलेल्या सारदादेवी तिला घेऊन बांकुडा जिल्ह्यातील कोआलपाडा ह्या खेड्यात जाऊन राहिल्या. पुढच्याच वर्षी, जुलै 1920 मध्ये, बागबाजारच्या घरात त्यांचे देहावसान झाले. वीस वर्षे एका आजारी आईची आणि तिच्या मुलीची काळजी वाहणाऱ्या ह्या बाईला विसावा कोणी दिला असेल? चरित्रांत त्यांच्या सहनशीलतेची स्तुती पानोपानी आढळते. त्या स्तुतीने माझे मन थोडे अस्वस्थ होते, हे कबूल करते. सहनशीलता हा सद्गुण आहे, परंतु तो उपचार नव्हे.

हे मी कोरड्या तर्काने लिहीत नाही. माझी एक आत्या दुसऱ्या बाळंतपणानंतर आजारी पडली. समुद्रकाठचे लहान गाव. घरात माणसे भरपूर, सर्वांची माया भरपूर. बाहेरची बाधा म्हणून दोन वर्षे अंगारे-धुपारे झाले. तिला कोणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. माजघराला लागून असलेल्या खोलीत ती असे आणि आजी तिला भरवीत असे. अखेर एका मास्तरांच्या आग्रहामुळे तिला तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले आणि काही महिन्यांत ती उठून कामाला लागली. त्यानंतर ती पुष्कळ वर्षे जगली, तिच्या हातचे पोह्याचे पापड गावात प्रसिद्ध होते. परंतु तिचे धाकटे मूल शेवटपर्यंत आजीलाच 'आई' म्हणत असे. बाळंतिणीच्या मनोविकारांवरील एका पुस्तिकेचे भाषांतर करताना, चाळिशी उलटल्यावर, मला प्रथमच कळले की त्या दोन वर्षांची काहीच गरज नव्हती.

म्हणून बागबाजारातून थोडे पुढे गेले पाहिजे. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकातून कालव्यावरील पूल ओलांडला, की आर. जी. कर रुग्णालय लागते. 2024 साली तेथील एका तरुण स्त्री-डॉक्टरवर झालेल्या अत्याचारामुळे व तिच्या हत्येमुळे हे नाव देशातील घराघरांत पोहोचले. ते दुःख अजून ओले आहे. परंतु ह्याच रुग्णालयाच्या नावावर एक फार मोठी गोष्ट जमा आहे. 1933 साली, ते कारमायकेल मेडिकल कॉलेजचे रुग्णालय असताना, डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी तेथे मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. सर्वसाधारण रुग्णालयात असा विभाग निघण्याची भारतातील ही पहिलीच वेळ होती.

गिरींद्रशेखर (1887–1953) हे पेशाने डॉक्टर. मनाच्या व्यापारांकडे ओढा असल्याने त्यांनी कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास केला, 1921 मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि 1922 मध्ये आपल्या पारसीबागानातील घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. व्हिएन्नाच्या फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, परंतु ते त्याचे आंधळे अनुयायी नव्हते. काही मूलभूत मुद्द्यांवर त्यांनी फ्रॉइडपुढे आपला मतभेद स्पष्ट मांडला. भाषांतरकार म्हणून त्यांच्याविषयी मला विशेष आदर वाटण्याचे कारण असे, की त्यांनी हे शास्त्र बंगालीत लिहिले आणि त्यासाठी शब्द घडविले. मनाच्या ज्या भागाचा आपणांस पत्ता नसतो त्याला त्यांनी 'निर्ज्ञान' म्हटले. आपल्या मराठीत त्यासाठी 'नेणीव' हा देखणा शब्द तयारच होता, तो आपण घडविला नाही, नुसता उचलला. त्यांचे बंधू राजशेखर बोस हे रसायनज्ञ, विनोदी लेखक आणि कोशकार. एकाच घरात विज्ञान आणि भाषा अशी शेजारी नांदत होती, हे पाहून थोडा मत्सर वाटतो.

तर, ह्या बाह्यरुग्ण विभागाचे महत्त्व काय? 1912 च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळाची वाट सामान्यतः मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून जात असे. तेथे माणूस आणला जाई आणि एकदा आत गेला की बाहेर येणे दुष्कर असे. बाह्यरुग्ण विभागात माणूस स्वतःच्या पायांनी येतो, आणि संध्याकाळी घरी परत जातो. केसपेपर काढावयाच्या रांगेत खोकल्याचा रोगी, मोडक्या हाताचा रोगी आणि झोप उडालेला रोगी एकापाठोपाठ एक उभे असतात. कोण कशासाठी आला आहे, हे कोणाला कळत नाही आणि कळले तरी त्याचे कोणाला काही वाटत नाही. रोग पुरता बळावण्यापूर्वी उपचार मिळण्याची शक्यता ह्याच रांगेत असते. उंच भिंतीआडच्या इस्पितळाने जे वर्षानुवर्षे साधले नाही, ते एका साध्या खोलीला आणि बाकाला साधता येते.

मुंबईत 1938 मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉक्टर के. के. मसानी यांनी असाच विभाग सुरू केला. तथापि महाराष्ट्राच्या मनात मात्र चारच नावे घट्ट बसून राहिली: नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा. पैकी नागपूरचे इस्पितळ 1864 चे, रत्नागिरीचे 1886 चे, ठाण्याचे 1901 चे. 'याला ठाण्याला पाठवा', 'हा येरवड्याहून आला काय?' असली थट्टा आपण शाळेत ऐकली आहे, कदाचित केलीही आहे. त्या इस्पितळांतून काम करणाऱ्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी फार कष्ट केले, हे नाकारण्याचा हेतू नाही. परंतु ज्या गावाचे नाव घेतले की हसू येते, त्या गावाला आपल्या आजारी भावाला घेऊन जावयास कोण लवकर तयार होईल?

येथे मनाचे आजार म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मेंदू हा शरीराचाच भाग आहे. मधुमेहात स्वादुपिंडाचे काम बिघडते, तसे येथे विचार, भावना, झोप आणि इच्छा यांचे नियमन बिघडते. कारण एकच नसते. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक घडामोडी, बालपणीचे आघात, दारिद्र्य, व्यसन, एकटेपणा, ह्यांचे मिश्रण प्रत्येकात निराळे असते. दुःख हा रोग नव्हे. परीक्षेत अपयश आले, जवळचे माणूस गेले, तर मन खिन्न होणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. परंतु दोन आठवडे उलटूनही खिन्नता हटत नसेल, आवडत्या गोष्टींतील रस गेला असेल, झोप व भूक बिघडली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर तो बहुधा विषण्णतेचा आजार असतो, आणि 'मन घट्ट कर' ह्या उपदेशाचा त्यावर फ्रॅक्चरवर होईल तितकाच परिणाम होतो. त्यावर औषधे आहेत. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटताच ती आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. बोलण्याच्या उपचारपद्धतीही आहेत, त्यांचा गुण तपासून पाहिलेला आहे. शाळांनी विशेष ध्यानात घ्यावे असे की सुमारे निम्मे मनोविकार वयाच्या अठराव्या वर्षाच्या आतच डोके वर काढतात.

औषधांचा विषय निघाला म्हणून सर्पगंधेची हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. ही वनस्पती आपल्या देशात उन्मादावर फार पूर्वीपासून वापरली जात असे. 1931 मध्ये कलकत्त्याच्याच गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्या दोघांनी, पैकी एक आयुर्वेदाचे पंडित, तिचे उन्मादावरील व रक्तदाबावरील गुण वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि काही वर्षे जगभरच्या मनोरुग्णालयांतून ते वापरले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा उपयोग सुरू झाला होता. ते अधिक उपयुक्त ठरले, आणि दुष्परिणामांमुळे रेसर्पिन मागे पडले. आपल्याकडील काही मंडळी ह्या कथेचा पहिला अर्धा भागच सांगतात. मला दुसरा अर्धाही तितकाच अभिमानास्पद वाटतो. जुने औषध तपासण्यास पुढे आले, काही काळ उपयोगी पडले आणि चांगले मिळताच बाजूला झाले. अंगाऱ्याला आजवर असे बाजूला होता आलेले नाही.

घराची माया आणि रुग्णालयाचे शास्त्र ह्यांची गाठ घालता येते काय? येते, आणि ती आपल्याच देशात घातली गेली आहे. 1950 नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहू दिले. नातेवाईक रोग्याबरोबर राहिले, उपचार पाहू लागले, डॉक्टरांचे बोलणे ऐकू लागले. रोगी लवकर घरी जाऊ लागले, कारण घर त्यांच्याबरोबरच आले होते. त्याच दशकाच्या अखेरीस वेल्लोर येथेही कुटुंबीयांना रोग्याजवळ ठेवून घेण्याची प्रथा सुरू झाली. सारदादेवींच्या घराला जे ज्ञान हवे होते आणि येरवड्याच्या भिंतींना जी माणसे हवी होती, ती त्या तंबूंत एकत्र आली. ही रीत देशभर का पसरली नाही, याचे उत्तर मला पैशापेक्षा आपल्या संकोचात अधिक दिसते.

आजची स्थिती काय आहे? 2015–16 च्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्क्यांपर्यंत रोगी उपचारावाचून होते. कायदा मात्र पुढे गेला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरविला आणि रोग्याला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, असेही त्याने सांगितले. नुसत्या प्रयत्नाबद्दल शिक्षा देणारे जुन्या दंडसंहितेतील 309 वे कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत उरलेले नाही. महाराष्ट्रात भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कायद्याचे पुस्तक आणि आपला माजघरालगतचा अंधार ह्यांत अजून बरेच अंतर आहे, इतकेच.

निरोगी मनाच्या निगेविषयी लांबलचक नियम सांगण्याची मला हौस नाही. वेळेवर झोप, अंगाला थोडा व्यायाम, दारूपासून दूर राहणे, हे सर्वांस ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र कमी बोलली जाते. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूस दगडी ओटे असतात. त्यांना 'रोआक' म्हणतात. संध्याकाळी तेथे गप्पांचा अड्डा बसतो. आपल्याकडील पार आणि कट्टा त्याच जातीचे. तेथे रोज येणारा माणूस चार दिवस आला नाही, तर कोणीतरी त्याच्या घरी जाऊन चौकशी करतो. ही चौकशी फार मोलाची आहे. ती करताना कोणी जीव नकोसा झाल्याचे सुचविले, तर त्याला तसे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बोलावयास वाट मिळते. त्यानंतर त्याला एकटे न सोडता डॉक्टरकडे न्यावे.

ज्यांना लगेच डॉक्टरकडे जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून सरकारने 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक 14416. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असते आणि तेथे मराठीतून बोलता येते. शाळांच्या मुख्याध्यापकांनी आणि ग्रंथपालांनी हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून सूचनाफलकावर लावावा. शक्यतो अशा जागी, की जेथे तो वाचताना कोणी पाहिले तरी माणूस वर्तमानपत्रच चाळीत आहे असे वाटेल. त्यासाठी केसपेपरही काढावा लागत नाही.